अर्ध्या तासाचं पाणी

“टिपाडाला हात लावू नका, भावजी! त्यातलं प्यायचं हाय.”

वहिनींनी उजव्या डोळ्यावर पदर दाबून धरला होता. उघड्या डाव्या डोळ्याने त्या माझ्याकडे नव्हे, माझ्या हातातल्या तांब्याकडे बघत होत्या. त्यांच्या पायाशी प्लास्टिकच्या बादलीत कॉस्टिक सोड्याचं पाणी वाफाळत होतं. साबणासाठी हे पाणी एक दिवस आधी करून ठेवावं लागतं, कारण सोडा पाण्यात पडला की पाणी चुलीवाचून तापतं आणि निवायला फार वेळ घेतं. आधी पाणी, मग सोडा, तोही पळी-पळीने; यात वहिनी कधी चुकल्या नव्हत्या. त्या सकाळी पोत्यातला सोडा ओल धरून गठ्ठा झालेला निघाला. लिंबाएवढा एक खडा हातमोज्यातून निसटला आणि बादलीत पडला. उडालेले थेंब दोन असतील, फार तर तीन.

“डोळा उघडा धरा,” मी म्हणालो. “सारखं पाणी सोडायला पाहिजे. अर्धा तास.”

“अर्धा तास?”

“सोड्याच्या पोत्यावरच्या कागदात तसं लिहिलंय.”

“नळ कवा हाय?”

“पुढच्या मंगळवारी.”

“आन आज?”

“सोमवार.”

त्या उन्हाळ्यात नेकनूरला आमच्या गल्लीत नळ बाराव्या दिवशी येत होता. अंगणातल्या तीन टिपाडांपैकी दोन रिकामी होऊन पालथी पडली होती आणि तिसरं अर्ध्याच्या खाली गेलं होतं. बोअरची मोटार चालू केली तर ती थोडा वेळ खाकरायची, हवा फेकायची आणि गप्प व्हायची. उरलेल्या त्या अर्ध्या टिपाडात आठ दिवसांचं पिणं, स्वयंपाक आणि वहिनींच्या दोन वर्षांच्या नातीचं सगळं बसवायचं होतं. तो हिशोब घरात एकट्या वहिनींच्या डोक्यात असायचा.

“घमेलं आना,” त्या म्हणाल्या. “खाली धरा. ते पानी संडासला व्हईल.”

मी घमेलं आणलं. त्या ओट्यावर वाकून बसल्या. एका हाताने पापणी वर ओढली आणि मी तांब्याने पाणी सोडलं. पहिला तांब्या संपला. दुसरा संपला. तिसऱ्या तांब्याला त्यांनी माझं मनगट धरलं.

“पुरं झालं.”

“वहिनी, अजून...”

“पुरं झालं म्हनते ना. थंड पडलंय आता.”

थंड पडलंय म्हणताना त्यांची हनुवटी थरथरत होती. मला ते दिसत होतं. अर्धा तास म्हणजे काय तेही मला माहीत होतं. तो कागद मीच त्यांना मोठ्याने वाचून दाखवला होता. पण वाचलेलं आणि खरं यांच्यात काही अंतर असणार, असं मला जन्मभर वाटत आलं आहे. कुणी ठामपणे बोललं की त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं, असंही. मी तांब्या खाली ठेवला.

त्या दिवशी माझ्या हातून झालेली मुख्य गोष्ट हीच.

तेवढ्यात समोरच्या घरातली चतुराबाई शेळ्या सोडायला निघाली होती, ती दारात थांबली. “नीलम्माबाय, दोन वड्या दे गं साबनाच्या,” म्हणत आत आली आणि जागीच उभी राहिली. “आगं माय! काय झालं वो मास्तर?”

मी मास्तर कधीच नव्हतो. शाळेत ग्रंथपाल होतो. पण चतुराबाईच्या लेखी ज्याच्या खिशाला पेन तो मास्तर.

“सोड्याचा थेंब गेलाय डोळ्यात,” मी म्हणालो.

“मग थांबा. शेळीचं दूध घालू. आमच्या ह्यांच्या डोळ्यात चुना गेलता, रंग द्यायलते तवा. दूध घातलं आन दुसऱ्या दिशी मेंढरं घेऊन गेले की डोंगराला.”

“दूध नको. पाणी घालायला पाहिजे.”

“पान्यानं काय व्हतंय, मास्तर? पानी तर त्या बादलीतबी हाय.”

याचं उत्तर मला आता सुचतं. तेव्हा वाटलं, बाईचं म्हणणं अगदीच चूक नाही. तिने शेळी दारातच अडवली, वाटीत धार काढली आणि कापसाने वहिनींच्या डोळ्यात दूध पिळलं.

“बरं वाटायलंय,” वहिनी म्हणाल्या.

“बगा!” चतुराबाई माझ्याकडे वळून म्हणाली. “तुमचं पुस्तक राहू द्या कपाटात.”

वहिनींना आतल्या खोलीत खाटेवर निजवलं. चतुराबाईने त्यांच्या डोक्याखाली उशी सारली, बादलीवर झाकण ठेवलं आणि जाताना फळीवरच्या दोन वड्या आपल्या हाताने घेऊन गेली. मी उंबऱ्याशी बसलो. थोड्या थोड्या वेळाने विचारत होतो, “कसं आहे?” त्या म्हणत होत्या, “हाय.”

वहिनींचं माहेर पाटोद्याचं. माहेरी किराणा, सासरी किराणा. माझे थोरले भाऊ सिद्धेश्वर यांच्याशी त्यांचं लग्न झालं तेव्हा मी कॉलेजात होतो. माझं पुढे लग्न झालं, मोडलं असं नाही, पण बायको लवकर गेली आणि मी पुन्हा याच घरात आलो. दादांचा स्वभाव कडक. वहिनी त्यांच्यासमोर मोठ्याने बोललेल्या मला आठवत नाहीत. सकाळी अंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसायच्या, तेवढा वेळ त्यांचा. बाकी सगळा घराचा.

मग दादांना अर्धांगवायू झाला. दोन वर्षं खाटेवर होते. रोज तीन-तीन चादरी आणि धोतरं निघायची. दुकान बंद पडलं होतं, मुलगा संगमेश अजून शिकत होता. साबणाची वडी चार दिवसांत विरघळून जायची. एका संध्याकाळी वहिनी मला म्हणाल्या, “भावजी, तुमच्या त्या हजार पुस्तकांत साबन कसा करायचा ते आसंल का कुठं?”

ग्रंथालयात इतक्या वर्षांत मला कुणी असं काही विचारलं नव्हतं. मी दोन दिवस शोधलं. घरगुती उद्योगांचं एक जुनं पुस्तक सापडलं, वाळवीने कडा खाल्लेलं. ते घरी आणलं, मापं कागदावर उतरवली. तेल, सोडा, पाणी. म्हणजे हे सगळं सुरू मीच केलं, हेही खरं आहे.

पहिला साबण वाईट झाला. सोडा जास्त पडला होता. दादांच्या चादरीला भोकं पडली. दुसरा दुधासारखा फाटला. तिसऱ्या वेळी वहिनींना कळलं, की मापापेक्षा नजर महत्त्वाची. तेलात सोड्याचं पाणी घालून एकाच अंगाने ढवळत राहायचं. आधी ताकासारखं असतं, मग खिरीसारखं होतं, आणि काठी उचलून वरून थेंब पाडला की त्याची रेघ वर तशीच राहते. ती रेघ राहिली की थांबायचं. पुढे एक क्षण नाही, मागे एक क्षण नाही. मग साच्यात ओतायचं, दुसऱ्या दिवशी तारेने कापायचं आणि महिनाभर फळीवर वाळवायचं. वाळलेली वडी त्या जिभेच्या टोकाला लावून बघायच्या. जीभ चुरचुरली की पुन्हा आठ दिवस फळीवर.

दादा गेले. चादरी धुवायचं काम संपलं, पण साबण थांबला नाही. भज्यांच्या गाड्यावरचं जळकं तेल गाळून त्या वापरत. सणासुदीला करडईचं घालत, तेव्हा वडी पिवळसर आणि मऊ व्हायची. पुढे फरशीचं फिनाईल केलं, भांड्यांसाठी राख आणि रिठ्याची पावडर केली. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. त्यात साबण फेसच देत नाही, नुसती साय धरतो आणि कपडे चिकट होतात. बायका तक्रार घेऊन यायच्या. “साबन चांगला हाय, पानी वंगाळ हाय,” वहिनी सांगायच्या. मग पाण्यात आधी चिमूटभर धुण्याचा सोडा टाका, थोडं थांबा, मग वडी लावा, असं प्रत्येकीला हाताला धरून ओट्यावर करून दाखवायच्या. दादांसमोर न बोललेली बाई चार बायकांना रागावून सांगायला लागली होती. वडीला नाव नव्हतं. मी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचो. गावात तिला नीलम्माची वडी म्हणत. लिंबागणेशहून येणाऱ्या बायकाही बाजारच्या दिवशी आमचं घर विचारत यायच्या.

त्या सोमवारी साडेअकराला वहिनींची सून आली. अपेक्षा अंगणवाडीत काम करते. लेकीलाही बरोबर नेते. तिने चपला काढता काढताच विचारलं, “आई कावून झोपल्यात?” आणि आत गेली. मग तिचा आवाज आला.

“काका, इकडं या! यांचा डोळा बघितला का तुम्ही?”

मी बघितला नव्हता. तो मिटलेला होता. अपेक्षाने पापणी वर केली होती आणि आत पांढरं कुठे संपतं आणि काळं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. सगळ्यावर एक पिठूळ सारवण आलं होतं.

“कधी झालं हे?”

“नऊ वाजता.”

“नऊ?” तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “अडीच तास काय करायलता तुम्ही?”

“त्यांना कावून बोलतीस गं,” वहिनी खाटेवरून म्हणाल्या. “मीच म्हनले न्हाई म्हनून.”

अपेक्षाने पाटोद्याला संगमेशला फोन लावला. तो तिथल्या बी-बियाणांच्या दुकानात नोकरीला आहे. तो थेट बीडला पोचतो म्हणाला. गल्लीतल्या एकाची जीप मिळाली. जीपमध्ये वहिनींनी डोकं माझ्या खांद्याला टेकवलं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, आणि मांजरसुंब्याच्या घाटात एकदाच म्हणाल्या, “आग व्हायलीय वो भावजी.”

डोळ्यांची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने पापणी उलटी करून आतल्या कोपऱ्यात कागदाची बारीक पट्टी टेकवली. पट्टी लगेच गडद निळी झाली. शाळेच्या प्रयोगशाळेत तो निळा रंग मी पुष्कळदा पाहिला होता. चार तास होऊन गेले होते आणि सोडा अजून तिथेच होता.

“घरी डोळा किती वेळ धुतला?” तिने विचारलं.

“भरपूर धुतला,” वहिनी म्हणाल्या.

“भरपूर म्हणजे? अर्धा तास धुतला का?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. कशी हलवली ते मला सांगता येणार नाही, पण ती होकाराची दिसली असावी, कारण तिने कागदावर तसं लिहून घेतलं.

मग तिने सलाईनची बाटली उलटी टांगली आणि नळी सरळ डोळ्यावर सोडली. पाणी वहिनींच्या कानावरून, केसांवरून वाहत खालच्या ट्रेमध्ये पडत होतं. एक बाटली संपली, दुसरी लावली. दुसरी संपली, तिसरी.

“बाई,” वहिनी म्हणाल्या, “कावून एवढं पानी घालायलाव?”

“आजी, हे पाणी नाही. सलाईन आहे.”

“मग तर जपून वापरा की.”

डॉक्टर हसली. संगमेश तोवर येऊन दाराशी उभा होता. तो बाहेर निघून गेला. मी मात्र तिथेच उभा राहिलो, कारण कुठे जावं ते मला सुचलं नाही.

पाऊण तासाने पट्टीचा रंग बदलायचा थांबला. डॉक्टरने स्टूल ओढलं आणि वहिनींच्या उशाशी बसली. चांगली मुलगी होती. घाईत असूनही तिने नीट सांगितलं.

“आम्ल गेलं असतं ना आजी, तर वरचं जळून तिथंच थांबलं असतं. सोडा थांबत नाही. तो आत जात राहतो. जिथं चरबी लागेल तिथं तिचा साबण करतो आणि पुढं वाट काढतो.”

“डोळ्यात चरबी आसती?”

“थोडी थोडी सगळीकडं असते.”

वहिनी छताकडे तोंड करून पडल्या होत्या. चांगला डोळाही पाण्याने डबडबला होता.

“म्हंजे साबन झाला,” त्या म्हणाल्या.

“तसंच म्हणा.”

“मग आता मागं फिरत न्हाई, बाई. तेलाचा साबन झाला की पुन्ना त्याचं तेल व्हत न्हाई.”

डॉक्टरने त्यांच्या हातावर हात ठेवला. “औषधं टाकू. दर तासाला. बघू या काय होतंय.”

पाच दिवसांनी आम्ही घरी आलो. दर तासाला थेंब टाकायचे होते; दिवसा मी टाकायचो, नंतर अपेक्षा. माझा नेम चुकायचा आणि थेंब गालावर पडायचा. “पडू द्या,” वहिनी म्हणायच्या, “बाटलीत अजून हाय.”

घरी आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बादलीचा.

“सोड्याचं पानी झाकलेलं हाय ना?”

“आहे.”

“मग ते वाया घालू नका. मोरीत वतलं तर मोरी खाईल, आन बाहेर टाकलं तर कुनाच्या शेळीनं तोंड घालायचं. तेल हाय गाळलेलं. साबन करून टाका.”

“मी?”

“मग कोन? मी सांगते, तुमी ढवळा.”

हे घरात कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. अपेक्षा कामावर गेल्यावर मी बादली आतल्या खोलीच्या दाराशी आणली. हातमोजे घातले, चष्मा घातला, तोंडाला पंचा बांधला. वहिनी खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. उजव्या डोळ्यावर पट्टी होती आणि डावा उजेडाने झोंबत होता म्हणून तोही मिटलेला. तेल टबात ओतलं. त्यात सोड्याचं पाणी बारीक धारेने सोडलं आणि काठी फिरवायला लागलो.

“एकाच अंगानं.”

“हो.”

“उलटी फिरवली तुमी.”

“नाही फिरवली.”

“फिरवली. आवाज आला मला.”

खरंच फिरवली होती. मी पुन्हा सुलट सुरू केलं. हात भरून आले. त्या डोकं किंचित कलतं करून ऐकत होत्या. टबाच्या कडेला काठी घासली जायची तो आवाज, द्रावणाचा आवाज. मला त्यात काही फरक कळत नव्हता.

“थेंब पाडून बघा. रेघ राहती का?”

मी काठी उचलली. थेंब पडला. रेघ राहिल्यासारखी वाटली, मग बुडाल्यासारखी वाटली.

“राहिली का?”

“राहिली बहुतेक.”

“बहुतेक कसं, भावजी? राहिली का न्हाई?”

मी पुन्हा थेंब पाडला. पुन्हा तेच. माझं वय साठी ओलांडलेलं, टबावर वाकलेला मी, आणि एक रेघ आहे की नाही हे मला सांगता येत नव्हतं.

वहिनी खाटेवरून पाय खाली सोडून पुढे झुकल्या. त्यांनी डावा डोळा उघडला. पाणी घळाघळा वाहायला लागलं. पदराने पुसलं, पुन्हा उघडला, पुन्हा वाहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी पुसलं नाही. मागे टेकल्या.

“वता साच्यात,” त्या म्हणाल्या. “व्हईल तसा व्हईल.”

तो साबण झाला नाही. वर तेल तरंगलं आणि खाली सोडा बसला. संगमेशने रविवारी आल्यावर ते सगळं पाहिलं आणि तो भडकला. माझ्यावर नाही, माझ्यावर कुणी भडकत नाही. साचा, टब, बादली, तारा, सगळं त्याने पोत्यात भरून माळ्यावर टाकलं. सोड्याचं पोतं कुठेतरी नेऊन दिलं.

“आई, आता हे बंद. पुन्ना नाव काढायचं न्हाई साबनाचं.”

वहिनी खाली बघत होत्या.

“लोकं काय म्हनतेत माहीत हाय का? म्हाताऱ्या आईला सोड्यात हात घालायला लावला आन डोळा घालवला म्हनतेत. मी कमवायलोय ना आता?”

“तुझं बरूबर हाय,” त्या म्हणाल्या.

त्या क्षणी काहीतरी बोलायला हवं होतं. तुझ्या बापाच्या चादरी याच साबणाने धुतल्या, हे त्याला सांगता आलं असतं. जी बाई कुणासमोर तोंड उघडत नव्हती ती चार गावच्या बायकांना शिकवते, हे सांगता आलं असतं. किंवा डोळा साबणाने नाही गेला, पाण्यावाचून गेला, आणि पाणी घालायला मी होतो, एवढं तरी. मी चष्मा पुसत बसलो. संगमेश जेवून पाटोद्याला परत गेला.

फळीवर वाळलेल्या वड्या होत्या त्या महिनाभरात संपल्या. काही बायका घेईनाशा झाल्या. ज्याने डोळा जातो तो अंगाला कसा लावायचा, असं गावात निघालं. वहिनींनी कुणाला समजावलं नाही. आधीच्या वहिनींनी हाताला धरून ओट्यावर नेलं असतं.

एका दुपारी चतुराबाई आली. आत गेली नाही. अंगणातच माझ्यापाशी उकिडवी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “मास्तर, खरं सांगा. मी दूध घातलं म्हनून झालं का वो?”

तिचा चेहरा उतरला होता. त्या दिवसापासून तिने आमच्या दाराशी शेळी आणली नव्हती.

“नाही,” मी म्हणालो. “दुधाने नाही. पाणी कमी पडलं.”

तिने सुस्कारा टाकला. “पानी तर समद्यालाच कमी पडायलंय,” ती म्हणाली आणि उठून गेली. तिच्या मनावरचं ओझं गेलं असावं. मी जे सांगायला गेलो होतो ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही.

तीन महिन्यांनी बीडच्या डॉक्टरने शेवटचं पाहिलं. त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढं कळतं, बाकी काही नाही. मोठ्या शहरात जाऊन बुब्बुळ बदलता येतं, पण सोड्याने भाजलेल्या डोळ्यात ते टिकेलच असं नाही, वर्षभर थांबा, मग बघू, असं तिने सांगितलं. वहिनींनी “बरं” म्हटलं. परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या होत्या, गेलेला डोळा खिडकीकडे करून. मी जागा बदलू का विचारलं, तर नको म्हणाल्या.

घरी आलो तेव्हा अपेक्षा अजून यायची होती. घरात आम्ही दोघंच. मी जे तीन महिने घोळवत होतो ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून एकदम बोलून टाकलं.

“वहिनी, मी त्या दिवशी थांबायला नको होतं. तुम्ही नको म्हणालात तरी पाणी ओतत राहायला पाहिजे होतं. मला माहीत होतं, अर्धा तास लागतो ते. आणि डॉक्टरला मी खोटं सांगितलं.”

त्या गॅसपाशी पाठमोऱ्या होत्या. आधण ठेवत होत्या. वळल्या नाहीत.

“मला माहीत हाय की,” त्या म्हणाल्या. “डाक्टरनीला तुमी मुंडी हलवली ते दिसलं मला. डावा डोळा तर धड हाय की माझा.”

“मग?”

“मग काय? टिपाड रिकामं केलं आसतं तर आठ दिवस लेकरानं काय पेलं आसतं?”

मी म्हणालो, “कुठूनतरी आणलं असतं. शेजारी मागितलं असतं.”

“कुनाकडं व्हतं, भावजी?”

मी गल्लीतली घरं मनात एकेक करून आठवली. चतुराबाईकडे नव्हतं. पलीकडच्यांकडे नव्हतं. तरीही कुणीतरी दिलं असतं, असं मला वाटतं. मी विचारलंच नव्हतं, म्हणून मला ते कधी कळणार नाही. तेही मला त्यांना सांगता आलं असतं. मी पाटावर बसलो.

त्यांनी चहा गाळला. गाळताना पातेल्याची कड कपाच्या कडेला टेकवून घेतली, मग धार सोडली. तरी थोडा ओट्यावर सांडला. तो त्यांनी फडक्याने टिपला, कुणी पाहिलं का असं न बघता. मग कप उचलला, माझ्याकडे वळल्या आणि हात लांब केला.

कप माझ्यापासून हातभर अलीकडेच थांबला. एका डोळ्याच्या अंदाजाने त्यांना तो पोचला आहे असं वाटत होतं. त्यांची बोटं सैल व्हायला लागली होती.

मी पाट पुढे सरकवला.